पुरवठादाराला अभय

चेन्नईहून महाबलीपुरमकडे जाणाऱ्या रस्त्यावर पर्यटक सहसा मंदिरांपाशीच थांबतात. त्याच किनाऱ्याने आणखी थोडे दक्षिणेला गेले की कल्पाक्कम लागते. महानगरापासून हे अंतर जेमतेम सत्तर किलोमीटरचे. २२० मेगावॅटच्या दोन अणुभट्ट्या आणि ५०० मेगावॅटची ‘फास्ट ब्रीडर’ भट्टी येथे उभी आहे. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीचे पाणी या आवारात शिरले, तेव्हा चालू असलेली भट्टी सुरक्षितपणे बंद करण्यात आली. कर्मचाऱ्यांच्या वसाहतीत मात्र माणसे दगावली. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर अणुसुरक्षेचा प्रश्न पुस्तकी नाही, याची आठवण त्या सकाळने करून दिली. त्याच किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला कुडनकुलम आहे. म्हणूनच डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने अवघ्या चार दिवसांत जो कायदा संमत केला, त्याचा अर्थ दिल्लीपेक्षा चेन्नईत अधिक बारकाईने लावला जाणे स्वाभाविक आहे.

‘शांती’ या आकर्षक आद्याक्षरांनी ओळखले जाणारे हे विधेयक १५ डिसेंबरला लोकसभेत मांडले गेले. १७ तारखेला लोकसभेने आणि १८ तारखेला राज्यसभेने त्यावर मोहोर उठवली व २० तारखेला राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. ते संसदीय समितीकडे पाठवावे, ही विरोधकांची मागणी मान्य झाली नाही. लोकसभेत त्यांनी सभात्याग केला आणि विधेयक आवाजी मतदानाने संमत झाले. १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा अणुहानी नागरी दायित्व कायदा या दोहोंची जागा त्याने घेतली. खासगी कंपन्यांना अणुवीज क्षेत्राची दारे उघडणे, नियामक मंडळाला वैधानिक दर्जा देणे, या तरतुदींची चर्चा पुष्कळ झाली. त्यांतील नियामक मंडळाची सुधारणा तर फार पूर्वीच व्हायला हवी होती. खरा वाद मात्र एका वगळलेल्या कलमाचा आहे.

२०१० च्या कायद्यातील कलम १७ (ब) जगात जवळपास एकमेव होते. अणुअपघात झाल्यास भरपाईची जबाबदारी प्रकल्पचालकाची, हे आंतरराष्ट्रीय तत्त्व भारतानेही स्वीकारले होते. परंतु अपघात पुरवठादाराच्या सदोष सामग्रीमुळे वा निकृष्ट सेवेमुळे घडला असेल, तर भरलेली रक्कम त्याच्याकडून वसूल करण्याचा हक्क या कलमाने चालकाला दिला होता. नव्या कायद्यात हा हक्क दोनच परिस्थितींत उरला आहे: लेखी करारात तसे स्पष्ट नमूद असेल तर, किंवा कोणी हेतुपुरस्सर हानी घडवून आणली असेल तर. दोषाचे कारण कायद्यातून गेले. झडप निकामी निघाली, पोलाद हलके निघाले, तरी करारात उल्लेख नसेल तर बनवणारा मोकळा.

हे कलम कोणाच्या आग्रहाने आले होते, हे आठवले की राजकारणातील स्मृतीचे आयुष्य किती अल्प असते ते कळते. ७ जून २०१० रोजी भोपाळच्या न्यायालयाने वायुकांडातील आरोपींना दोन वर्षांची शिक्षा सुनावली आणि देशभर संताप उसळला. १९८९ मध्ये युनियन कार्बाइडशी ४७ कोटी डॉलरवर झालेली तडजोड पुन्हा सर्वांच्या डोळ्यांपुढे आली. त्याच सुमारास कराडचे पृथ्वीराज चव्हाण, जे तेव्हा पंतप्रधान कार्यालयात राज्यमंत्री होते, अणुदायित्व विधेयकाची बाजू लावून धरत होते. भाजप आणि डाव्या पक्षांनी त्यांची पुरती दमछाक केली. कलमाच्या दोन पोटभागांमध्ये ‘आणि’ हा शब्द घातला गेल्याचे लक्षात येताच गदारोळ झाला, कारण त्या एका अव्ययाने पुरवठादारावरील जबाबदारी कराराच्या अटीला बांधली जात होती. तो काढल्यावर ‘हेतू’ हा शब्द आला. तोही मागे घ्यावा लागला. चालकाच्या दायित्वाची मर्यादा ५०० कोटींवरून १५०० कोटींवर नेण्यात आली आणि २५ ऑगस्टला लोकसभेने विधेयक संमत केले. विरोधी पक्षाने अक्षरश: शब्दाशब्दासाठी लढून कायदा सुधारल्याचे अलीकडच्या इतिहासातील हे ठळक उदाहरण होय.

पंधरा वर्षांनी त्याच भाजपच्या सरकारने ते कलम काढले आणि ज्या काँग्रेसला ते नको होते तिने त्याच्या रक्षणार्थ सभात्याग केला. द्रमुकचीही कोंडी वेगळी नाही. २०१० मध्ये तो पक्ष केंद्रातील सत्तेत सहभागी होता. भूमिकांची ही अदलाबदल आता कोणाला धक्कादायक वाटत नाही, पण तिचा एक परिणाम गंभीर आहे. दोन्ही पक्ष सत्तेत असताना ज्या निष्कर्षाला येतात तो एकच असेल, तर प्रश्न पक्षांचा नसून त्यांच्यावरील दडपणाचा आहे. अमेरिकी आणि फ्रेंच कंपन्यांनी हे कलम असेपर्यंत भारतात भट्टी उभारण्यास हात लावला नाही. जैतापूर आणि कोव्वाडा कागदावरच राहिले. राज्यसभेत विधेयक संमत झाले त्याच १८ डिसेंबरला अमेरिकेच्या अध्यक्षांनी ज्या संरक्षणविषयक कायद्यावर स्वाक्षरी केली, त्यात भारताचे अणुदायित्वाचे नियम आंतरराष्ट्रीय निकषांशी जुळवण्यासाठी सल्लामसलतीची तरतूद होती. तारखांचे हे साधर्म्य योगायोग मानले, तरी दिशा लपत नाही.

सरकारचा युक्तिवाद मात्र उडवून लावण्याजोगा नाही. पीडिताला कोणाचा दोष हे सिद्ध करत न्यायालयांचे उंबरे झिजवावे लागू नयेत, एकाच चालकाकडून त्याला त्वरित भरपाई मिळावी, हे जबाबदारी एकवटण्यामागील तत्त्व योग्य आहे. शिवाय १७ (ब) पीडिताच्या हाती काही देत नव्हते. तो हक्क चालकाचा होता, आणि चालक म्हणजे सरकारी महामंडळ. २०११ च्या नियमांनी त्यालाही रकमेच्या आणि मुदतीच्या मर्यादा घातल्या होत्याच. २०१५ मध्ये १५०० कोटींचा विमा निधी उभारून पुरवठादारांची धास्ती कमी करण्याचा प्रयत्न झाला. वीज हवी, कोळसा नको आणि २०४७ पर्यंत १०० गिगावॅट अणुवीज हवी, तर भांडवल कोठून आणायचे, हा प्रश्न टीकाकारांनाही चुकणार नाही.

परंतु हेच तत्त्व इतरत्र कोणत्या मोबदल्यात स्वीकारले गेले, ते पाहायला हवे. जपानमध्ये १९६१ च्या कायद्याने पुरवठादाराला संरक्षण आहे. फुकुशिमानंतर भट्ट्यांच्या निर्मात्यांविरुद्ध गेलेले हजारो वादी २०१६ मध्ये टोकियोच्या न्यायालयात हरले. पण तेथे चालकाचे दायित्व अमर्याद आहे. अमेरिकेत १९५७ च्या प्राइस-अँडरसन कायद्याखाली सर्व अणुवीज कंपन्यांच्या सामायिक निधीतून सुमारे १६ अब्ज डॉलर उभे राहू शकतात. आपल्याकडे एका अपघातामागील एकूण मर्यादा ३० कोटी एसडीआर, म्हणजे साडेतीन हजार कोटी रुपयांहून काहीशी अधिक, ती २०१० मध्येही होती आणि आजही तीच आहे. पुरवठादाराला सूट देताना चालकाचा भार वाढवणे हा सौद्याचा दुसरा भाग होता. तो विसरला गेला.

नव्हे, काही ठिकाणी भार घटला. नव्या कायद्याने चालकाचे दायित्व भट्टीच्या औष्णिक क्षमतेनुसार विभागले आहे: ३६०० मेगावॅटच्या वर ३००० कोटी, १५०० ते ३६०० दरम्यान १५०० कोटी, ७५० ते १५०० दरम्यान ७५० कोटी, त्याखाली आणखी कमी. कल्पाक्कमच्या २२० मेगावॅट भट्टीची औष्णिक क्षमता सुमारे ८०० मेगावॅट आणि ‘फास्ट ब्रीडर’ची सुमारे १२५० मेगावॅट. जुन्या कायद्यात अशा प्रत्येक भट्टीमागे १५०० कोटींची मर्यादा होती. नव्या तक्त्यात ती निम्म्यावर येते. वरची रक्कम केंद्र सरकार, म्हणजे करदाता, भरेल. कोट्यवधी वस्तीच्या महानगराला सर्वांत जवळ असलेल्या केंद्राचे चालकदायित्व निम्मे होते, आणि संसदेतील घाईच्या चर्चेत या हिशेबाला पुरेसा वेळच नव्हता. अपघाताची हानी भट्टीच्या आकारावर ठरते तशी शेजारच्या लोकसंख्येवरही ठरते, हे तक्ता करणाऱ्यांना सुचले नसावे.

अमेरिकेतील बंदूक उद्योगाशी तुलना येथे उद्बोधक ठरेल. २००५ मध्ये तेथील काँग्रेसने शस्त्रांचे निर्माते आणि विक्रेते यांना न्यायालयीन दाव्यांपासून संरक्षण देणारा कायदा केला आणि तो जगभर टीकेचा विषय झाला. जून २०२५ मध्ये मेक्सिकोने बंदूक कंपन्यांवर लावलेला दावा सर्वोच्च न्यायालयाने याच कायद्याच्या आधारे एकमताने फेटाळला. तथापि त्या बहुचर्चित कायद्यानेही एक दार उघडे ठेवले आहे. दुसऱ्याने गुन्ह्यासाठी बंदूक वापरली तर कंपनी जबाबदार नाही, पण योग्य रीतीने वापरूनही आराखड्यातील वा निर्मितीतील दोषामुळे कोणी जखमी झाला तर ती जबाबदार आहे. जे संरक्षण बंदूक उद्योगाच्या प्रभावी दबावगटालाही मिळवता आले नाही, ते भारतात अणुसामग्रीच्या विक्रेत्याला मिळाले आहे. निर्मात्याला दुसऱ्याच्या कृत्यापासून अभय देणे समजण्यासारखे आहे. स्वत:च्या दोषापासून अभय देण्याचे समर्थन अवघड आहे, कारण तो दोष ओळखण्याचे आणि टाळण्याचे सामर्थ्य केवळ त्याच्यापाशीच असते.

कुडनकुलमचा अनुभव याच संदर्भात मोलाचा आहे. पहिल्या दोन भट्ट्यांच्या बाबतीत रशियाशी झालेल्या समझोत्यात दायित्व भारतीय चालकावरच ठेवण्यात आले होते. २०१२ मध्ये रशियातील झिओ-पोडोल्स्क या सामग्री कारखान्याच्या खरेदी अधिकाऱ्याला हलक्या पोलादाच्या गैरव्यवहारात अटक झाल्यावर तामिळनाडूत चिंता पसरली. एप्रिल २०१३ मध्ये चाचण्यांदरम्यान चार झडपांची कामगिरी उणी आढळली आणि त्यांचे भाग बदलावे लागले. चेन्नईतील पर्यावरण कार्यकर्ते मद्रास उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ६ मे २०१३ च्या निकालाने प्रकल्पाला हिरवा कंदील दाखवला, पण सोबत पंधरा निर्देश दिले. पुढे तिसऱ्या व चौथ्या भट्टीच्या वाटाघाटी १७ (ब) मुळे रेंगाळल्या, तरी २०१४ मध्ये करार झालाच. म्हणजे कलम असताना व्यवहार अशक्य नव्हता. तो महाग आणि सावध होता.

आता सारी भिस्त करारावर आहे. कायद्याने काढलेला हक्क करारात लिहून घेण्यास नवा कायदा मनाई करत नाही. खासगी चालक तर स्वत:च्या तिजोरीसाठी तो मागतीलही. पण सरकारी महामंडळ आणि परदेशी सरकारची पाठराखण असलेला पुरवठादार यांच्यातील वाटाघाटीत हा मुद्दा पहिल्यांदा सोडला जाईल, अशी भीती रास्त आहे. त्यातच नव्या कायद्याने अणुविषयक माहिती ‘प्रतिबंधित’ ठरवण्याचा व्यापक अधिकार केंद्राला दिला असून अशी माहिती माहिती अधिकाराच्या कक्षेबाहेर जाते. कोणत्या पुरवठादाराने कोणती हमी दिली, हे कल्पाक्कमच्या मच्छीमाराला वा जैतापूरच्या आंबा बागायतदाराला कळण्याचा मार्गच त्यामुळे बंद होऊ शकतो. यावर उपाय कायदा बदलण्याइतका कठीण नाही. दर अणुभट्टी खरेदीतील दायित्वविषयक कलमे, किमतीचा तपशील झाकून का होईना, सभागृहाच्या पटलावर ठेवण्याचे बंधन सरकार नियमांतून स्वत:वर घालून घेऊ शकते. २०१० मध्ये विधेयक तपासणारी विज्ञान-तंत्रज्ञान आणि पर्यावरणविषयक स्थायी समिती २०२५ मध्ये डावलली गेली. निदान करारांची ही कलमे तिच्यासमोर यावीत, ही मागणी तामिळनाडू आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांतील खासदारांनी पक्षभेद बाजूला ठेवून लावून धरायला हवी, आणि तीही कोव्वाडा वा जैतापूरच्या अंतिम करारांवर स्वाक्षऱ्या होण्यापूर्वी.