बॅगेत मावेल असा व्यवसाय

कुवेतमधील आपल्या मराठी घरांत शिकलेल्या गृहिणींची मुळीच वाण नाही. कुणी बी. कॉम., कुणी बी. एड., कुणी माझ्यासारखीच इंजिनिअरिंगची पदवी घेतलेली. नवऱ्याच्या नोकरीमागे इकडे आल्या, मुले झाली आणि प्रमाणपत्रे फाइलमध्ये राहिली. आता इंटरनेटमुळे यातल्या अनेकींनी घरबसल्या काही ना काही सुरू केले आहे. कुणी मोदक, पुरणपोळ्या करून देते, कुणी गणित शिकवते, कुणी ब्लाऊज शिवते. कौतुक सगळेच करतात, पण हिशेबाचा विषय निघाला की "वेळ जातो हो, बाकी काय!" असे म्हणून तो हसण्यावारी नेला जातो. माझा आक्षेप नेमका इथे आहे.

आखातातले घर एका पगारावर आणि एका इकाम्यावर उभे असते. नोकरी गेली की घरच उचलावे लागते. ऑगस्ट 1990 मध्ये इराकने कुवेतवर आक्रमण केले, तेव्हा कुवेत व इराकमधून सुमारे 1 लाख 70 हजार भारतीयांना मायदेशी आणावे लागले. बहुतेकांनी सोबत आणली ती एखादी बॅग. तसे संकट रोज येत नाही हे खरे. पण कंपनीचे कंत्राट संपणे हे तर नेहमीचेच आहे. म्हणून गृहिणीचा व्यवसाय निवडताना पहिला प्रश्न हा विचारावा : उद्या कुवेत सोडावे लागले, तर हा व्यवसाय आपल्याबरोबर येईल का?

मधुरा बाचल यांनी 2009 मध्ये अमेरिकेत राहत असताना पाककृतींचे व्हिडिओ करायला सुरुवात केली. पुढे त्या पुण्याला आल्या; प्रेक्षक बरोबरच राहिले. शिकवणी, भाषांतर, हिशेब लिहिणे, डिझाइन ही कामे याच जातीची आहेत. खाद्यपदार्थांचे तसे नाही. गिऱ्हाईक सालमिया-अब्बासियातच राहते. शिवाय इथल्या उन्हाळ्यात धोका वेगळाच. तापमान 32 अंशांच्या वर असेल तर नाशवंत पदार्थ तासाभरापेक्षा जास्त बाहेर राहू नये असा नियम सांगतात. इथे तर ते 50 च्या घरात जाते. श्रीखंडाचा डबा टॅक्सीच्या डिकीत फिरला, तर गोडाचे पोटदुखीत रूपांतर व्हायला वेळ लागत नाही.

आता कायदा. 22 नंबरच्या म्हणजे कुटुंबाच्या व्हिसावर इथे नोकरी करता येत नाही. त्यासाठी 18 नंबरवर बदली लागते. अन्न विकायचे तर परवान्याचा प्रश्न वेगळाच. 2024 चा निवासविषयक नवा कायदा जानेवारी 2025 पासून लागू झाला असून शिक्षा कडक झाल्या आहेत. "सगळ्याच करतात, कोणी विचारत नाही" हा काही परवाना नव्हे. बायकोच्या चुकीचा फटका नवऱ्याच्या इकाम्याला बसू शकतो. ऑनलाइन काम असले तरी सुरू करण्याआधी कंपनीच्या मंदूबला किंवा वकिलाला विचारून घ्यावे.

तिसरी गोष्ट हिशेबाची. समजा, 10 दिनारचे मोदक दिले. साहित्याचे 4, डब्यांचा 1, टॅक्सीचे 2 वजा जाता उरले 3 दिनार. त्याला पाच तास लागले, म्हणजे तासाला 600 फिल्स! ही मजुरी परवडते का, हे वहीत मांडल्याशिवाय कळत नाही. भाव वाढवायला लाज वाटते, कारण गिऱ्हाईक आपल्याच मंडळातले. पण उभे राहून दुखणारी कंबरही आपलीच असते.

आणि पैसे स्वतःच्या नावावर हवेत. मुंबईच्या गिरणगावात खानावळ चालवणाऱ्या बायका सावकाराच्या व्याजात पिचत होत्या. प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि त्या बायकांना बँकेचे दार उघडून दिले. जेवण त्या आधीही रांधत होत्या. बँकेच्या लेखी उद्योजक झाल्या त्या तेव्हा. आपल्याकडे अजूनही पुष्कळ घरांत बायकोची कमाई नवऱ्याच्या खात्यात किंवा किराण्यात विरघळते. तिचे स्वतःचे एनआरई खाते असावे. अनिवासी असेपर्यंत त्याच्या व्याजावर भारतात प्राप्तिकर नाही. भारतातील विद्यार्थ्यांची रुपयांतली फी मात्र एनआरओ खात्यात घ्यावी. ते उत्पन्न भारतात करपात्र ठरते, हेही लक्षात ठेवावे.

पुरुष वाचकांनाही एक विनंती. संगणक जोडून दिला की आपले काम संपले असे समजू नका. मुलांचा अभ्यास आणि रात्रीची भांडी यांतले दोन तास जर तिला मिळाले, तर तेच तिचे खरे भांडवल. ते व्याजासकट परत येते, आणि परतीच्या विमानात त्याला वजनही पडत नाही.