सागवानी डबे आणि उघड्या वाघिणी

व्हिक्टोरियाकालीन लाकडी आगगाडीच्या डब्यांविषयी इंग्लंडात मोठे ममत्व आहे. ससेक्समधील ब्लूबेल रेल्वे १९६० पासून जुन्या गाड्या चालवीत आहे. मोडकळीस आलेले डबे तेथील स्वयंसेवक कष्टाने पुन्हा उभे करतात. या श्रमांबद्दल आदरच बाळगला पाहिजे. आक्षेप आहे तो या डब्यांच्या आडून केल्या जाणाऱ्या मखलाशीला. खासगी कंपन्यांची चुरस होती म्हणून असे सुबक काम झाले, असे भांडवलशाहीचे भाट सांगतात. इतिहास काय सांगतो?

काम सुबक होते, यात शंका नाही. घोडागाड्या बांधणाऱ्या कारागिरांचीच विद्या रेल्वेत आली. भक्कम लाकडी सांगाडा, त्यावर महोगनीच्या वा सागाच्या फळ्या, अचूक बसणारे सांधे, रंगाचे व रोगणाचे थरावर थर आणि थर घासून गुळगुळीत करण्याची चिकाटी! ग्रेट नॉर्दर्न कंपनीचे डबे तर सागाच्या अंगच्या रेषा दिसाव्यात म्हणून रंग न देता केवळ रोगणाने उजळलेले असत. ही विद्या भागधारकांच्या सभेत जन्मली नव्हती. ती उमेदवारीची वर्षे काढलेल्या कामगारांच्या हातांत होती.

पण तिचा लाभ कोणाला झाला? २४ डिसेंबर १८४१ रोजी ग्रेट वेस्टर्न कंपनीची गाडी सॉनिंग येथे कोसळलेल्या दरडीवर आदळली. तिसऱ्या वर्गाचे उतारू बुटक्या कडांच्या उघड्या वाघिणींत बसवलेले होते. नऊ जण प्राणास मुकले. संसदेच्या नव्या इमारतीवर काम करणारे आणि नाताळासाठी घरी निघालेले कारागीर त्या गाडीत होते. राष्ट्राचे सभागृह घडवणाऱ्यांच्या डोक्यावर प्रवासात साधे छप्परही नव्हते! ते छप्पर चुरशीने नव्हे, तर १८४४ च्या कायद्याने मिळाले : मैलाला एक पेनी भाडे, दररोज किमान एक गाडी, बसण्यास जागा आणि पावसापासून आसरा. मिडलंड कंपनीने १८७५ मध्ये दुसरा वर्ग रद्द करून तिसऱ्या वर्गास गाद्या दिल्या, हा दाखला पुढे केला जातो. तो खराच आहे. पण ते घडले कायद्यानंतर तब्बल एकतीस वर्षांनी, आणि गरिबांच्या गर्दीतच उत्पन्न आहे हे उमगल्यावर.

आणि हा साग येई कोठून? मुख्यतः ब्रह्मदेशातून. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनला ब्रह्मी दरबाराने लाकडाच्या महसुलावरून दंड केला. ते निमित्त करून इंग्रजांनी १८८५ मध्ये युद्ध पुकारले. थिबा राजाला रत्नागिरीत मरेपर्यंत स्थानबद्धतेत राहावे लागले. त्याच डिसेंबरात मुंबईस भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनाने ब्रह्मदेशाच्या विलीनीकरणास विरोध नोंदवला. रोगणाच्या झळाळीखाली हाही इतिहास आहे.

तेव्हा समाजवाद्यांनी कारागिरीची थोरवी भांडवलदारांना आंदण देऊ नये, आणि तिला जुनाट म्हणून झिडकारूही नये. हस्तकौशल्याचा थोर उपासक विल्यम मॉरिस १८८३ मध्ये समाजवादी चळवळीत आला, तो काही योगायोगाने नव्हे. उत्तम काम करण्याचे सामर्थ्य कामगाराचे असते. ते कोणाच्या वाट्याला यावे, हे मालकी ठरवते. ब्रिटनमधील प्रवासी गाड्या २०२४ च्या कायद्याने पुन्हा सार्वजनिक मालकीकडे येऊ लागल्या असताना जुन्या कंपन्यांचे गोडवे गाणाऱ्यांना दोनच प्रश्न विचारावेत. डबा कोणी घडवला? आणि त्यात बसण्याचा मान कोणाला मिळाला?