गांजाचा भाव आणि कायद्याची जरब

ओडिशाच्या मलकानगिरी-कोरापूटच्या डोंगरांतून मुंबई-पुण्याकडे जाणाऱ्या गांजाची एक वाट वऱ्हाडातून जाते. बडनेरा आणि अकोला ही हावडा-मुंबई मार्गावरची मोठी स्थानके. गांजा पकडल्याच्या बातम्या इथल्या वाचकांना नव्या नाहीत. तरीही पुडी मिळतेच, ती का, हा खरा प्रश्न आहे.

कायदा सौम्य नाही. 1985च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात 1 किलोपर्यंत गांजासाठी 1 वर्षापर्यंत, तर 20 किलोंपेक्षा अधिक गांजासाठी 10 ते 20 वर्षांची कैद आहे. तरी केंद्र सरकारसाठी ‘एम्स’ने केलेल्या आणि 2019मध्ये जाहीर झालेल्या पाहणीत भांग, गांजा, चरस घेणाऱ्यांची संख्या सुमारे 3.1 कोटी निघाली. माणसाला शिक्षेच्या वर्षांपेक्षा पकडले जाण्याची खात्री रोखते. झडती, जप्ती, नमुने यांच्या नियमांत कसूर झाली की आरोपी सुटतो आणि ती खात्रीच संपते.

भावाचेही तसेच. माल जितके हात बदलतो, तितका प्रत्येकाच्या जोखमीचा मोबदला किमतीत चढतो. महागाईने खिशात मोजके पैसे असलेला नवखा पोरगा थबकतो. सवय जडलेला मात्र घरखर्चाला कात्री लावतो किंवा स्वस्त, अधिक घातक नशेकडे वळतो. 1893-94च्या भारतीय भांग-गांजा आयोगानेही सरसकट बंदीऐवजी परवाना आणि कराने सेवन आवरण्याची शिफारस केली होती. आज खुल्या विक्रीची मागणी आम्ही करत नाही. पण भाव आणि भय यांची मर्यादा शासनाने ओळखावी.

म्हणून तपास पुडीवाल्यापाशी न थांबता खेप पाठवणाऱ्यापर्यंत गेला पाहिजे आणि खटला न्यायालयात टिकला पाहिजे. अल्प प्रमाणात सापडलेल्या व्यसनाधीनाने स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार पूर्ण केल्यास कलम 64अ त्याला खटल्यापासून संरक्षण देते. ही तरतूद प्रत्येक ठाण्यात आणि महाविद्यालयात सांगितली जावी. अमरावतीचे इर्विन आणि अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय येथे त्यासाठी पुरेसे समुपदेशक आणि मनोविकारतज्ज्ञ हवेत. विक्रेत्याला पकडले जाण्याची खात्री आणि व्यसनाधीनाला उपचाराची खात्री, या दोन्ही दिल्या तरच वऱ्हाडातली पोरे वाचतील.