खुरांचा घसारा कोणाच्या खाती?

साखर कारखान्याच्या ताळेबंदात घसाऱ्याचे एक कलम असते. गाळपाचे रोलर, बॉयलर, टर्बाइन ही यंत्रे वापराने झिजतात, हे गृहीत धरून त्या झिजेपोटी दरवर्षी काही रक्कम उत्पन्नातून वजा केली जाते. आयकर कायदाही ही वजावट मान्य करतो. परंतु ज्या बैलजोडीने फडातून ऊस ओढून गव्हाणीपर्यंत आणला, तिच्या खुरांची झीज या ताळेबंदात कोठेही आढळत नाही. ती गाडीवानाच्या उचलीच्या वहीत आढळते.

बीड जिल्ह्यातून, तसेच पाथर्डी-शेवगावच्या बाजूने, दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. ट्रॅक्टर वाढले तरी बैलगाडी नाहीशी झालेली नाही. बैलाचा खूर दुभंगलेला आणि मातीवर चालण्यासाठी घडलेला. डांबरी रस्त्यावर नखी झिजते, म्हणून प्रत्येक नखीला वेगळी पत्री ठोकावी लागते. पत्री वेळेवर बदलली नाही किंवा खिळा आतल्या मऊ भागात गेला, तर पू होतो आणि बैल लंगडू लागतो. रबरी टायरमुळे गाडीची ओढ हलकी झाली, हे खरे. परंतु त्याचा लाभ बैलाला मिळाला नाही. वाहतुकीचा मोबदला टनावर असल्याने जेवढी ओढ हलकी झाली, तेवढा भार वाढत गेला. उतारावर तो सारा भार मानेवर आणि पुढच्या पायांवर येतो.

कायदा नाही असे नव्हे. ओढकामाच्या जनावरांसंबंधीच्या 1965 च्या नियमांनुसार दिवसात नऊ तासांपेक्षा अधिक, विश्रांतीविना सलग पाच तासांपेक्षा अधिक, आणि तापमान 37 अंशांवर असताना दुपारी बारा ते तीन या वेळेत जनावर जुंपता येत नाही. परंतु या नियमांचा बडगा उगारला गेलाच तर तो गाडीवानावर. टनाचा दर ठरवणारे आणि गाडीतळावर गाड्यांना तासन् तास ताटकळत ठेवणारे नामानिराळे राहतात. भूतदयेचा उपदेश गरिबाला आणि नफा दुसऱ्याला, अशी ही वाटणी आहे.

लाळ्या-खुरकुताची गोष्ट याहून वेगळी नाही. या रोगाने मोठे जनावर सहसा मरत नाही. पण खुरांच्या बेचक्यात फोड येतात, जखमांत किडे पडतात, आणि बरे झालेला बैलही पुढे कित्येकदा उन्हात धापा टाकतो. प्रतिबंधक लस आहे. 2019 साली केंद्र सरकारने या रोगाच्या नियंत्रणासाठी देशव्यापी कार्यक्रमही सुरू केला. तथापि लसीचा परिणाम होण्यास दोन-तीन आठवडे लागतात आणि सहा महिन्यांनी ती पुन्हा द्यावी लागते. स्थलांतराच्या बेताने फेरी आखली नाही, तर गावोगावची जनावरे गाडीतळावर एकत्र येतात ती रोगाची देवघेव करण्यासाठीच.

ऐन हंगामात बैल लंगडा झाला तर काय होते? गाडी थांबते, पण उचल फिटलेली नसते. दुसरा बैल घेण्यासाठी मुकादमाकडून आणखी उचल घ्यावी लागते आणि पुढच्या हंगामाचे श्रम आजच गहाण पडतात. राज्याच्या 1976 च्या कायद्यानुसार निकामी बैल दाखला मिळवून कत्तलीसाठी विकता येत असे. 2015 पासून तो मार्गही बंद झाला. या बंदीविषयी मते भिन्न असू शकतील. परंतु समाजाला जी भावना जपायची आहे तिची किंमत समाजाने द्यावी. ती एकट्या गाडीवानाच्या माथी मारणे हा न्याय नव्हे.

सैन्यात घोडा व खेचर सरकारच्या मालकीचे असतात. म्हणून त्यांच्या पायांसाठी पगारी पशुवैद्य आणि नालबंद असतो. तेथे पाय हे भांडवल मानले जाते. कारखान्याच्या दारी मात्र तोच पाय गाडीवानाचा खाजगी प्रश्न ठरतो. सर्वत्र यंत्रे आणा, हे यावरील उत्तर नव्हे. ज्याची उचल बैलासकट फिटायची आहे, त्याला यंत्र केवळ बेकार करील.

साखर संघ आणि कामगार संघटना यांच्यात दराचे करार होतात, तेव्हा चर्चा टक्क्यांभोवतीच घोटाळते. यापुढे वाहतुकीच्या दरात बैलाच्या घसाऱ्याचे स्वतंत्र कलम मागितले पाहिजे. कारखान्याच्या खर्चाने गाडीतळावर पशुवैद्य व नालबंद, आजारी जोडीच्या खाड्याची भरपाई, जोडीचा विमा, आणि गाव सोडण्यापूर्वी महिनाभर आधी लसीकरण, या मागण्याही त्याच करारात आल्या पाहिजेत. कार्यकर्त्यांनी या हंगामात गाडीतळावर जाऊन आधी एवढेच मोजावे: किती बैल लंगडतात, आणि त्यापायी कोणाची उचल किती वाढली. घसाऱ्याचे कलम मागताना तोच आकडा कामी येईल.