मासा नंतर, आधी तलाव

तलावातली मासेमारी सुधारायची म्हटली की उत्तर ठरलेले असते: रोहू, कतला, मृगळ यांची बोटुकली आणा आणि सोडा. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव परिसरातले, ढिवर या मासेमार समाजातले कार्यकर्ते पतीराम तुमसरे आणि त्यांच्यासोबत काम करणारे अभ्यासक मनीष राजनकर यांनी मात्र आधी तलावाचा तळ पाहिला.

पूर्व विदर्भात हजारो मालगुजारी तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने ते धानाच्या पाण्यासाठी बांधले. 1950 च्या कायद्याने मालगुजारी ही जमीनदारी पद्धत संपली, तलाव सरकारजमा झाले आणि देखभालीची गावची घडी विस्कटली. गाळ साचला, काठावर बेशरम ही झुडपी वनस्पती माजली.

बेशरम गाळ धरून ठेवते आणि पाणवनस्पतींची जागा खाते. मासेमाराचे नुकसान इथेच सुरू होते. मरळ पाणवनस्पतींच्या आडोशाला घरटे करते आणि पिल्ले राखते. इतर अनेक देशी मासे आपली अंडी याच झाडोऱ्याला चिकटवतात. झाडोरा गेला की वीण थांबते. तलावात सोडलेले रोहू-कतला तर साठलेल्या पाण्यात सहसा अंडी घालतच नाहीत, त्यांना वाहते पाणी लागते. हिरालाल चौधुरी यांनी 1957 मध्ये ओडिशात संप्रेरक टोचून अशा माशांची वीण घडवली, तेव्हापासून मत्स्यबीजाचा आजचा व्यवसाय उभा राहिला. त्याने उत्पादन वाढले, हे मान्यच. पण बीज वरचेवर विकत घ्यावे लागते. देशी मासा तलावात आपणच वाढतो. त्यात भर म्हणजे तलावात गवत्या (ग्रास कार्प) मासा आणून सोडला, तर उरलीसुरली वनस्पतीही तो फस्त करतो.

तुमसरे आणि सहकाऱ्यांची रीत कष्टाची, पण साधी. उन्हाळ्यात पाणी हटले की बेशरम मुळासकट उपटायची, उघडी पडलेली जमीन नांगरायची आणि पावसाळ्यात चांगल्या तलावातून पाणवनस्पती आणून लावायच्या. कोणती वनस्पती किती खोलीवर तगते, कोणत्या माशाला कोणती लागते, हे ढिवर स्त्री-पुरुषांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. राजनकरांनी ते ज्ञान अभ्यासाच्या चौकटीत मांडले. लावणीच्या कामात बायका पुढे आहेत, हे मुद्दाम सांगायला हवे. कारण मच्छीमार संस्थांचा कारभार बहुतेक पुरुषांच्याच हाती राहिला आहे.

पण स्वयंसेवी श्रमांवर काही तलाव सावरतात, हजारो नाहीत. सरकार गाळ काढायला पैसा देते, पण यंत्राने तळ सरसकट खरवडला तर गाळाबरोबर कंद आणि बीही ट्रॉलीत जाते. जिल्हा परिषदांनी आणि पाटबंधारे खात्याने गाळाचे अंदाजपत्रक करताना दोन गोष्टी कराव्यात: तळाचा कोणता भाग राखायचा हे गावच्या मच्छीमार संस्थेला आधी विचारावे, आणि खोदाईच्या खर्चातच लावणीची मजुरी धरावी.