एकदा ताऱ्यावरही चढा

सरपंच, तलाठी, सोसायटीचे चेअरमन आणि हेलपाटे घालून थकलेले शेतकरी बांधव, साताऱ्याला आपण किती वेळा येता? कचेरीत साहेब नाहीत, दुपारनंतर या, असे ऐकून स्टँडवर चहा पीत बसता. डोक्यावर अजिंक्यतारा उभा असतो. कधी वर गेलात का? बहुतेकांचे उत्तर आम्हाला ठाऊक आहे. शाळेच्या सहलीत गेलो होतो, बस्स!

शिलाहार भोजराजाच्या काळातला हा किल्ला 1673 साली शिवाजी महाराजांनी घेतला. डिसेंबर 1699 मध्ये औरंगजेब स्वतः पायथ्याशी तळ देऊन बसला. किल्लेदार प्रयागजी प्रभूंनी चार महिने गड लढवला. मोगलांनी मंगळाईच्या बुरुजाखाली सुरुंग पेरले, तर दुसऱ्या सुरुंगाचा ढिगारा त्यांच्याच फौजेवर कोसळला. गड पडला तो एप्रिल 1700 मध्ये, आणि त्यामागचे मोठे कारण म्हणजे दाणागोटा आणि दारूगोळा संपत आला. कोठारात धान्य नसले की तट कितीही जाड असून काय उपयोग, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. पुढे ताराबाईंच्या काळात गड परत आला, 1708 मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला आणि पायथ्याला शाहूनगर वसले.

वर गेल्यावर मंगळाईचे दर्शन घ्या, पण तळी पाहिल्याशिवाय उतरू नका. डोंगरमाथ्यावर ना नदी ना ओढा. पडेल तो पाऊस अडवायचा आणि त्यावर वर्ष काढायचे. हे काम तेव्हाच्या माणसांनी पहार-छिन्नीने केले. आपल्या गावचा पाझर तलाव गाळाने भरलाय, आणि आपण मंजुरीच्या कागदाची वाट बघतोय! गडावरच्या तळ्यांनाही गाळ काही चुकलेला नाही, दर काही वर्षांनी उपसावाच लागतो.

दुसरी गोष्ट वणव्याची. उन्हाळ्यात उतारावरचे वाळके गवत पेटते, कुणाच्या तरी विडीने नाहीतर खोडसाळपणाने. गवत गेले की पहिल्या वळवात उघडी माती धुऊन खाली येते. पायथ्याच्या गावांनी फेब्रुवारीतच जाळपट्टा काढला तर आग पसरणार नाही. त्यासाठी ग्रामसभेत ठराव घ्यायला कोण अडवतो?

तटावरून यवतेश्वर, सज्जनगड, जरंडेश्वर दिसतात, पूर्वेला माहुलीकडे कृष्णा-वेण्णा एक होतात. आपले शिवार कुठल्या पाणलोटात येते, हे नकाशापेक्षा इथून लवकर उमगते. दरवाजाजवळपर्यंत गाडीरस्ता आहे. सकाळी लवकर निघा, पोरांना बरोबर घ्या. पाणी मात्र घरूनच भरून न्या.