टोरांटोतील पहिले वर्ष

धर्मग्रामाच्या कार्यालयात बाप्तिस्म्याचा दाखला मागण्यासाठी एखादा तरुण आला की, लग्न ठरले असावे असे आम्ही पूर्वी गृहीत धरीत असू. अलीकडे बरेचदा उत्तर मिळते, ‘‘नाही फादर, कॅनडाला चाललोय.’’ पुढे विचारले तर गाव म्हणून टोरांटो सांगितले जाते. प्रत्यक्षात महाविद्यालय ब्रॅम्प्टन, मिसिसॉगा किंवा त्याहूनही दूरच्या उपनगरात असते. घरी निरोपाची तयारी जोरात असते. कर्जाचा विषय निघाला की मात्र आवाज खाली येतात.

आपल्या लोकांना परदेश नवा नाही. वसईच्या गावांतून आखाती देशांत गेलेल्यांच्या कमाईवर अनेक घरे उभी राहिली. परंतु त्या स्थलांतराचा साचा वेगळा होता. आखातात जाणारा आधी नोकरी मिळवून मग विमानात बसे; बहुधा राहण्याची सोय कंपनी करी आणि एक दिवस परतायचे आहे हे सर्वांना ठाऊक असे. कॅनडाला निघालेला विद्यार्थी आधी पैसे भरतो, घर स्वतः शोधतो, आणि तेथे कायमचे राहता येईल या आशेवर निघतो. ही आशा ज्या धोरणावर उभी होती ते धोरणच बदलले आहे, हे आपल्याकडे अजून पुरेसे उमगलेले नाही.

२०२३ च्या अखेरीस कॅनडात शिक्षणाचा परवाना असलेले परदेशी विद्यार्थी दहा लाखांहून अधिक होते आणि त्यांत भारतीयांचा वाटा सर्वांत मोठा होता. घरांची टंचाई हा तेथे राजकीय प्रश्न बनला होता. २२ जानेवारी २०२४ रोजी त्या सरकारने नव्या परवान्यांवर कमाल मर्यादा घातली. त्याच वर्षी, सरकारी महाविद्यालयांशी करार करून खाजगी संस्था चालवीत असलेल्या अभ्यासक्रमांना शिक्षणोत्तर काम-परवान्यातून वगळण्यात आले. नोव्हेंबर २०२४ पासून पदविका अभ्यासक्रमांच्या बाबतीत तो परवाना ठराविक विषयांपुरता सीमित झाला. २०२६ साठी नव्या विद्यार्थ्यांचे उद्दिष्ट तर १ लाख ५५ हजारांवर आणले गेले. या बदलांत अन्याय झाला तो मुख्यतः आधी पोहोचलेल्यांवर. एका नियमावर विसंबून कर्ज काढायचे आणि वर्षभरात नियमच पालटायचा, हे सोसणे कठीण आहे. मात्र आता निघणाऱ्यांना ‘आम्हांला ठाऊक नव्हते’ असे म्हणता येणार नाही.

विमानतळावर उतरल्यानंतरचे पहिले काही दिवस सोपे जातात, असे तेथील आमचे लोक सांगतात. नऊ आकडी सोशल इन्शुरन्स क्रमांक लगेच मिळतो. तो ९ या आकड्याने सुरू होतो आणि त्यावरूनच हा मनुष्य तात्पुरता रहिवासी आहे हे मालकाला कळते. बँकेत खाते उघडते, फोन मिळतो, प्रेस्टो कार्ड हाती येते. शहराची आखणी चौकटीची असल्याने वाट चुकण्याचे कारण नाही, पण नवखा हमखास चुकतो. यंग नावाचा रस्ता शहराचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग करतो व एकाच आडव्या रस्त्यावर तोच घरक्रमांक दोन्हीकडे असू शकतो. पत्त्याच्या शेवटी ‘ईस्ट’ आहे की ‘वेस्ट’, हे न पाहणारा मुलाखतीच्या वेळी कित्येक किलोमीटर उलट दिशेला उभा असतो. प्रवासात एक चांगली गोष्ट घडली आहे. फेब्रुवारी २०२४ पासून ब्रॅम्प्टन किंवा मिसिसॉगाच्या बसमधून उतरून टोरांटोच्या बसमध्ये वा भुयारी रेल्वेत चढताना दुसरे भाडे पडत नाही. दररोज ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याच्या महिन्याच्या हिशेबात हा फरक लहान नाही.

खरी कसोटी घराची. २०२३ मध्ये टोरांटोत एका शयनगृहाच्या घराचे सरासरी मागणीभाडे महिन्याला अडीच हजार डॉलरच्या वर गेले होते. त्यानंतर ते काहीसे उतरले, तरी विद्यार्थ्याच्या आवाक्यात आले नाही. म्हणून तळघरातील खोली, आणि तीही वाटून. ऑन्टारिओ प्रांताचा भाडेकरू कायदा तसा कणखर आहे. अनामत म्हणून घरमालक शेवटच्या एका महिन्याचे भाडे मागू शकतो, मोडतोडीसाठी वेगळी अनामत मागू शकत नाही. २०१८ पासून कराराचा एक ठरलेला नमुनाही आहे. पण या कायद्यात एक मोठी फट आहे. भाडेकरू स्वयंपाकघर किंवा न्हाणीघर घरमालकासोबत वा त्याच्या जवळच्या कुटुंबीयांसोबत वापरत असेल, तर त्याला हे संरक्षण मिळत नाही. आपली मुले नेमकी अशाच खोल्यांत राहतात. ‘आपलाच माणूस आहे, जेवणही आपल्यासारखे’ म्हणून आईवडिलांना जी सोय सुरक्षित वाटते, ती कायद्याच्या दृष्टीने सर्वांत उघडी असते. नाते बिघडले तर फार थोड्या दिवसांच्या सूचनेने सामान बाहेर येऊ शकते. जानेवारीत तेथे असे बाहेर पडणे म्हणजे काय, हे वसईच्या हवेत वाढलेल्यास सांगून कळणार नाही.

उत्पन्नाचे गणितही मांडून पाहावे. नोव्हेंबर २०२४ पासून विद्यार्थ्यास सत्र चालू असताना आठवड्याला महाविद्यालयाबाहेर २४ तास काम करता येते. ऑक्टोबर २०२५ मध्ये ऑन्टारिओत ठरलेले किमान वेतन ताशी १७ डॉलर ६० सेंट. म्हणजे आठवड्याला सुमारे ४२२ डॉलर, महिन्याला अठराशेच्या आसपास, तेही काम मिळाले तर आणि कपातीपूर्वी. यातून खोली, जेवण, फोन आणि प्रवास कसाबसा भागेल. पुढील सत्राचे शुल्क किंवा इकडचा कर्जाचा हप्ता भागणार नाही. ‘तिकडे जाऊन कमवीन आणि फेडीन’ हे वाक्य येथेच मोडते. शिक्षणशुल्क सोडून निर्वाहासाठी दाखवावी लागणारी रक्कम दोन दशके दहा हजार डॉलर होती. ती २०२४ च्या आरंभी २०,६३५ आणि सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५ डॉलर झाली. कोणाला ही अडवणूक वाटते. आम्हांला ती वस्तुस्थितीची उशिरा दिलेली कबुली वाटते. अडचण अशी की, काही कुटुंबे ही रक्कम कोणाकडून तरी चार दिवस उसनी घेऊन खात्यात दाखवतात. कागद समाधानी होतो, मुलगा मात्र तेथे रिकाम्या हाताने उतरतो.

त्याचे पुढे काय होते, हे टोरांटोच्या अन्नपेढ्या सांगतात. एप्रिल २०२३ ते मार्च २०२४ या वर्षात त्या शहरातील अन्नपेढ्यांकडे लोकांच्या सुमारे ३५ लाख फेऱ्या झाल्या. त्यांत नोकरी असलेलेही होते आणि विद्यार्थीही. घरी मात्र यातले काही कळत नाही. व्हिडिओवर मुलगी नवा कोट दाखवते, बर्फ दाखवते. जेवलीस का, या प्रश्नावर नेहमी ‘हो’ म्हणते. डिसेंबरात तेथे दुपारी पावणेपाचपूर्वी सूर्य मावळतो. गोदामातील पाळी आणि वर्ग यांमध्ये अंधाराशिवाय काही न पाहिलेले मूल आईला ते सांगत नाही, कारण आईने दागिने गहाण ठेवले आहेत हे त्याला ठाऊक असते.

शिकून झाल्यावर ‘कॅनडातील अनुभव’ हा जुना अडसर उभा राहत असे. जानेवारी २०२६ पासून ऑन्टारिओत पंचवीस वा अधिक कामगार असलेल्या मालकाला जाहिरातीत तशी अट घालता येत नाही. जाहिरातीतून गेलेली अट मुलाखत घेणाऱ्याच्या मनातून कधी जाईल, हे सांगवत नाही.

तरीही तेथे कोणी नसते असे नाही. त्या महानगरातील जवळजवळ निम्मी माणसे परदेशातच जन्मलेली आहेत. युगांडातून १९७२ मध्ये हुसकावलेल्या गोवेकरांपैकी काहींनी याच भागात नव्याने संसार थाटले. टोरांटोच्या धर्मप्रांतात तीसहून अधिक भाषांत मिस्सा होते. नवागतांना मदत करणारी सरकारी अनुदानाची केंद्रेही आहेत, पण त्यांच्या पुष्कळशा सेवा कायम रहिवाशांसाठी आणि निर्वासितांसाठी असतात. विद्यार्थी बरेचदा त्या चौकटीबाहेर राहतो. म्हणून रविवारी चर्चच्या दारात कोणीतरी नाव विचारणे याला तेथे फार किंमत आहे. सुशिक्षित घरांतील मुले ओळखपत्र घेऊन धर्मगुरूंना भेटायला संकोचतात. तो संकोच सोडावा.

दाखला देताना हल्ली आम्ही पालकांना तीन गोष्टी विचारतो. प्रवेशपत्र एजंटने दिले की महाविद्यालयाने थेट पाठवले? या विषयाच्या पदविकेनंतर काम-परवाना मिळतो का? खोलीचा करार कोणी वाचला आहे? पहिल्या प्रश्नाला कारण आहे. बनावट प्रवेशपत्रांची प्रकरणे २०२३ मध्ये उघडकीस आल्यानंतर त्या वर्षीच्या डिसेंबरपासून प्रत्येक पत्र संस्थेकडून पडताळले जाते. एजंटकडे विचारणा केली की तो रागावतो, अशी तक्रार एका वडिलांनी आमच्याकडे केली. रागावू द्यावे, असे आम्ही त्यांना सांगितले.

आणखी एक. उन्हाळ्यात टोरांटो आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तेथील घड्याळे एक तास मागे जातात आणि हे अंतर साडेदहा तास होते. घरच्यांनी फोनची वेळ त्या दिवसापासून बदलावी. मुलाची झोप तशीही अपुरीच असते.